पिशवीतल्या रोपाला खत किती?

पुणे जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेले, तर पावसाचे आकडे झपाट्याने उतरत जातात. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा आकडा ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. म्हणजे जून-जुलैत लावलेल्या रोपाला आधी उघडीप सोसायची, मग परतीचा पाऊस घ्यायचा आणि त्यानंतर सात-आठ महिने कोरडे काढायचे. खाली बहुतेक ठिकाणी वीतभर माती, मग मुरूम, मग काळा खडक. माळेगाव खुर्द येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली तीही अशाच मुरमाड माळावर.

अशा जमिनीत झाड जगवणे हे मुख्यतः पाण्याचे आणि राखणीचे काम आहे, हे खरेच. पण रोप माळावर येते तेव्हा त्याचे निम्मे भवितव्य ठरलेले असते. ते ठरते रोपवाटिकेत, एका काळ्या पिशवीत. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला गेला होता. अशा मोहिमांत खड्डे मोजले जातात, रोपेही मोजली जातात. पिशवीत त्या रोपाने काय खाल्ले आणि काय प्यायले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी विचारतो.

शाळेच्या आवारात रोपवाटिका करणारे शिक्षक आम्हाला विचारतात ते नेमके एवढेच : रोपांना कोणते खत द्यावे? आमचे उत्तर त्यांना थोडे आडवळणाचे वाटते. आम्ही म्हणतो, आधी पिशवी मोजा, मग पाणी तपासा. खताच्या दुकानात त्यानंतर जा.

एक लिटरचे शेत

पिशवी मोजायची म्हणजे काय? रोपवाटिकेत सर्रास वापरतात ती पिशवी सपाट असताना साडेबारा सेंटिमीटर रुंद असते. भरली की तिचा परीघ २५ सेंटिमीटर होतो, म्हणजे व्यास जवळजवळ ८ सेंटिमीटर. मातीची उंची २० सेंटिमीटर धरली तर आकारमान येते सुमारे १००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर. आठवी-नववीच्या भूमितीत बसणारे हे गणित आहे. शेतातल्या पिकाची मुळे हवी तिकडे पसरतात. या रोपाचे सगळे शेत एवढेच.

आता रोपाची गरज पाहू. लावणीला तयार झालेल्या रोपाचे वाळवून वजन ५ ग्रॅम भरले आणि त्यात २ टक्के नत्र असले, तर त्या रोपाने आयुष्यभरात उचललेले नत्र झाले १०० मिलिग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के असते. म्हणजे सगळे नत्र युरियातूनच द्यायचे ठरवले तरी एका रोपाला सुमारे २२० मिलिग्रॅम युरिया पुरतो. तोही तीन-चार महिन्यांत मिळून.

रोपवाटिकेत खत चिमटीने टाकतात. वर्गात हा प्रयोग जरूर करावा : पाच विद्यार्थ्यांनी प्रत्येकी चार चिमटी युरिया कागदावर टाकावा, वीस चिमटींचे एकत्र वजन करावे आणि वीसने भागावे. एका चिमटीचे उत्तर २२० मिलिग्रॅमच्या किती पट येते आणि मुलामुलांच्या चिमटीत किती फरक पडतो, हे पाहण्यासारखे असते. एकाच ओळीत एक रोप करपलेले आणि शेजारचे हिरवेगार का असते, याचा उलगडा त्यातून होतो.

शिवाय पिशवी मुळात रिकामी नसते. पोयट्याची माती दोन भाग, वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण घेतले, तर लिटरभर पिशवीत पाव लिटर शेणखत येते. त्याचे कोरडे वजन १२५ ग्रॅम आणि त्यात नत्र अर्धा टक्का धरू. हे झाले ६२५ मिलिग्रॅम. त्यातले सगळे लगेच सुटत नाही. जिवाणू ते हळूहळू मोकळे करतात. एका हंगामात चौथा हिस्सा जरी मोकळा झाला तरी दीडशे मिलिग्रॅम होतात, म्हणजे रोपाच्या गरजेपेक्षा जास्त. चांगले कुजलेले शेणखत किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडचे चांगले मुरलेले कंपोस्ट घातले असेल, तर रासायनिक खताचे काम फक्त तूट भरून काढण्याचे उरते. तूट येते ती दोन कारणांनी : रोजच्या पाण्याबरोबर थोडे नत्र तळातून निघून जाते, आणि रोपाची भूक व खताचे सुटणे यांचे वेळापत्रक जुळत नाही. शेणखत कच्चे असले तर मात्र उलटे होते. त्यातला काडीकचरा कुजवणारे जिवाणूच मातीतले नत्र खाऊन टाकतात आणि रोप पिवळे पडते.

मीठ कोठून येते?

बारामती-इंदापूर भागात खतापेक्षाही मोठा प्रश्न पाण्याचा आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. उसाला पाणी मिळाले, निचरा मात्र झाला नाही. भूजल वर चढले आणि त्याच्याबरोबर क्षारही. १९१० साली, म्हणजे कालवा सुरू होऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे त्या वेळचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. कालव्याखालच्या अनेक विहिरींचे आणि विंधन विहिरींचे पाणी आजही मचूळ आहे. भांड्यांवर पांढरे पुट चढते ते पाणी हेच.

पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात. ही वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये ढोबळमानाने ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या पाण्याची वाहकता २ असली आणि पिशवीला रोज १०० मिलिलिटर पाणी घातले, तर रोज १२८ मिलिग्रॅम क्षार पिशवीत पडतात. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार राहतात. तळातून काहीच ठिबकले नाही, तर महिन्याला पावणेचार ग्रॅमहून अधिक! त्यातला काही भाग चुन्याच्या रूपाने साका होऊन बसतो, हे खरे. तरीही आपण मघाशी काढलेला युरियाचा पूर्ण हंगामाचा हिशेब पाव ग्रॅमचाही नव्हता. म्हणजे झारीने आपण नकळत जे घालतो, ते चिमटीने घातलेल्या खताच्या कित्येक पट असते.

मुळांना याचा त्रास दोन प्रकारे होतो. मातीतले पाणी खारट झाले की परासरणामुळे ते आत ओढणे मुळाला जड जाते. पिशवी ओली असूनही रोप तहानलेले राहते आणि पानांच्या कडा करपतात. दुसरे म्हणजे सोडियम आणि क्लोराइड ही मूलद्रव्ये पानांत साठून विषासारखी वागतात. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. कोवळ्या रोपांना त्याच्या निम्म्यातच अडचण सुरू होते. आता याच पिशवीत कोणी एक ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश टाकले आणि पिशवीत २०० मिलिलिटर पाणी धरलेले आहे असे समजा. ते द्रावण लिटरला ५ ग्रॅमचे झाले; त्याची वाहकता ८-९ च्या घरात जाते. या भागात रोपवाटिकेत म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नये असे आमचे मत आहे ते यासाठी. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत पालाश सहसा पुरेसे असते. मिश्रणात वाळू फार असल्याने ते द्यायचेच झाले तर सल्फेट ऑफ पोटॅश बरे. त्यात क्लोराइड नसते.

वाहकतामापक शाळेत नसला तरी अडत नाही. पिशवीच्या तळातून ठिबकलेले १०० मिलिलिटर पाणी वजन केलेल्या बशीत आटवावे. मागे राहिलेल्या क्षाराच्या मिलिग्रॅमला दहाने गुणले की एका लिटरमधले क्षार मिळतात. त्याला ६४० ने भागले की वाहकतेचा अंदाज येतो. झारीतल्या पाण्याचेही असेच करावे आणि दोन आकडे शेजारी मांडावेत. दिलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा तळातून निघत असेल, तर मीठ साठत न जाता स्थिरावते खरे, पण ठिबकणारे पाणी दिलेल्या पाण्याच्या तिप्पट खारट झाल्यावर. पाणी मुळातच मचूळ असले तर हे तिप्पट फारच होते. म्हणून उगवणीपासून पहिले दोन महिने तरी गोडे पाणी राखून ठेवावे. कालव्याचे आवर्तन येते तेव्हा पिशव्या तळातून भरपूर पाणी निघेपर्यंत दोनदा-तीनदा भिजवून धुऊन काढाव्यात आणि खत द्यायचे ते या धुलाईनंतर द्यावे. आधी खत देऊन मग धुणे म्हणजे पैसे गटारात घालणे. पिशवीची भोके मातीने बुजलेली नाहीत ना, हेही बघावे.

पोत्यावरचे आकडे

खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. यातला पहिला खरा नत्राचा असतो. बाकीचे दोन जुन्या रसायनशास्त्राच्या पद्धतीने ऑक्साइडच्या रूपात सांगितलेले असतात. स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने आणि पालाशाच्या आकड्याला ०.८३ ने गुणले की खरे फॉस्फरस आणि पोटॅशियम मिळते. विद्यार्थ्यांना रेणुभारावरून हे दोन गुणक स्वतः काढायला लावावेत.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ टॉर्स्टन इंगेस्टॅड यांनी १९७० च्या दशकात भूर्जाच्या रोपांवर काम करून दाखवले की नत्र १०० धरले तर रोपाला पोटॅशियम ६५ आणि फॉस्फरस अवघे १३ लागते. इतर अनेक झाडांचे प्रमाणही याच्या जवळपास येते. आता डीएपी पाहा. पोत्यावर १८:४६:० असते. त्यात नत्र १८ आणि खरे फॉस्फरस २०. म्हणजे नत्राच्या आठव्या हिश्श्याइतके लागणारे अन्नद्रव्य आपण नत्राहून जास्त देतो. ठिबकसाठी मिळणाऱ्या १९:१९:१९ खतातही फॉस्फरस गरजेच्या तिपटीहून अधिक पडते. जास्तीचे स्फुरद चुनखडीच्या मातीत कॅल्शियमशी बांधले जाऊन पडून राहते, जस्ताची टंचाई वाढवते आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला, म्हणजे मायकोरायझाला, नाउमेद करते. माळावर गेल्यावर रोपाला मुरमाच्या फटींतून स्फुरद आणि पाणी गोळा करून देणारी हीच बुरशी असते. रोपवाटिकेत तिला हाकलून द्यायचे आणि मग माळावर रोप एकटे सोडायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

स्फुरदासाठी आम्ही सिंगल सुपर फॉस्फेटच्या बाजूचे आहोत. त्यात १६ टक्के स्फुरद असते, शिवाय कॅल्शियम आणि गंधक. स्फुरद मातीत जागचे हलत नाही, म्हणून ते वरून टाकण्यात अर्थ नाही. पिशव्या भरण्यापूर्वी शेणखतात कालवून मिश्रणात घालावे. फॉस्फरसची भुकटी स्वस्त मिळते म्हणून काही जण रॉक फॉस्फेट आणतात. ते आम्ल जमिनीत विरघळते. आपल्याकडे मातीचा सामू ८ च्या वर असतो. तेथे ते रोपाच्या दृष्टीने दगडच राहते.

युरियाची गोष्ट निराळी. मातीतले युरिएज हे विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते, आणि विम्ल मातीत त्यातून अमोनिया वायू सुटतो. दोन रुंद तोंडाच्या बाटल्यांत ओलसर काळी माती घ्या. एकीत चमचाभर युरिया वर पसरा, दुसरीत तेवढाच युरिया बोटभर खोल मातीखाली गाडा. दोन्हींच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस टांगून झाकण लावा. पहिल्या बाटलीतला कागद एक-दोन दिवसांत निळा होतो; दुसरीतला उशिरा किंवा अगदी फिकट. एप्रिलच्या उन्हात पिशवीवर टाकलेल्या दाण्यांचे हेच होते, आणि वायू हवेत गेला तर गेला, पण कोवळ्या खोडाशी साठला तर ते भाजते. म्हणून युरिया पाण्यात विरघळवून द्यावा आणि वरून साध्या पाण्याचा हात फिरवावा. अमोनियम सल्फेटला सुरक्षित समजतात, पण चुनखडीच्या मातीत अमोनिया त्यातूनही उडतो. तेव्हा तेही द्रावणातूनच.

पिवळेपणा दिसला की युरिया, ही सवय या भागात विशेष नडते. नत्र कमी पडले तर रोप जुन्या पानांतले नत्र काढून नव्यांना देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह असे हलवता येत नाही. लोह कमी पडले तर शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बायकार्बोनेट असलेले पाणी आणि चुनखडीची माती एकत्र आली की हे हमखास दिसते. मातीत लोह भरपूर असते, पण विरघळत नाही. खात्री करायला लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून ताजे द्रावण करावे आणि शेंड्याच्या एका पानाच्या अर्ध्या भागावर कुंचल्याने लावावे. आठवड्याभरात तेवढाच भाग हिरवा झाला तर दोष लोहाचा. अशा रोपाला युरिया देऊन काहीही होत नाही.

झाडाची जात पाहूनही हात आवरावा लागतो. बाभूळ, खैर, शिरीष, करंज, शिसव यांच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात. मातीत आयते नत्र मुबलक मिळाले तर रोप गाठी धरतच नाही. या जातींना सुरुवातीच्या थोड्या नत्रापलीकडे काही देऊ नये. त्याऐवजी त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची थोडी माती मिश्रणात घालावी. गाठ ब्लेडने कापून पाहावी. आत गुलाबी असली तर ती कामावर आहे. मात्र शेंग आली म्हणजे गाठ आलीच, असा नियम मुलांना सांगू नये. चिंच, बहावा आणि आपटा शेंगा धरतात, गाठी धरत नाहीत. उलट सुरूला शेंगा येत नाहीत, पण फ्रॅंकिया नावाचे जिवाणू त्याच्या मुळांवर गाठी करतात.

केव्हा आणि किती

रोप चक्रवाढीने वाढते. शंभर मिलिग्रॅमपैकी निम्मे नत्र ते शेवटच्या थोड्या आठवड्यांत उचलते. इंगेस्टॅड यांचा दुसरा धडा हाच : खताची मात्रा रोपाच्या वाढीच्या वेगाने वाढवत न्यावी. दर पंधरवड्याला एक अशा पाच मात्रा ठरवल्या तर ३, ६, १२, २५ आणि ५० मिलिग्रॅम नत्र, एकूण ९६. शेणखताचा वाटा लक्षात घेऊन या सगळ्या निम्म्यावरही आणता येतील. हजार पिशव्यांना प्रत्येकी ५० मिलिलिटर द्रावण, म्हणजे ५० लिटर पाणी. पंचवीस मिलिग्रॅमच्या मात्रेला त्यात ५४ ग्रॅम युरिया लागतो, पन्नासच्या मात्रेला १०९ ग्रॅम. लिटरला दोन ग्रॅमच्या थोडे वर. याहून दाट कधीच करू नये. कडुनिंबाचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागते. त्याचे बी काही आठवड्यांतच निर्जीव होते, म्हणून जून-जुलैत गोळा केल्या केल्या पेरतात आणि रोपे वर्षभर पिशवीत राहतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते तेव्हा खत थांबवावे.

शेवटची मात्रा लावणीच्या महिनाभर आधी संपावी. त्यानंतर फक्त पाणी, तेही अंतर वाढवत. सावली काढून घ्यावी आणि पिशव्या हलवून खाली जमिनीत घुसलेली मुळे तोडावीत. याला रोप काटक करणे म्हणतात. पण काटक करणे आणि उपाशी ठेवणे यांत फरक आहे. नत्राने रोप नाजूक होते, म्हणून कोरड्या माळावर जाणाऱ्या रोपाला ते देऊच नये, असे पूर्वी सर्रास मानत. स्पेनमधल्या दुष्काळी उन्हाळ्याच्या प्रदेशात या शतकात झालेल्या प्रयोगांत मात्र पोटभर अन्न मिळालेली रोपे लावणीनंतर अधिक वेगाने नवी मुळे फोडतात आणि बऱ्याचदा अधिक जगतात, असे दिसले. अट एवढीच की ती शेंड्याकडे नुसती ताणलेली नसावीत.

ती ताणलेली आहेत की नाहीत, हे सांगणारे एक सोपे माप आहे. रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावी, मातीलगतच्या खोडाची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि भागाकार करावा. उंची ६० आणि जाडी ६ असेल तर उत्तर १०. हे रोप दिसायला देखणे, पण वाऱ्याला आणि उन्हाला कच्चे. उंची ४० आणि जाडी ७ असेल तर उत्तर ६ च्या आत येते. माळासाठी हे निवडावे. वाटपाच्या दिवशी लोक पहिलेच रोप आधी उचलतात, त्याला इलाज नाही.

लावायचे कोठे, हाही प्रश्न या दोन तालुक्यांत सोडता येत नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूरजवळच्या कडबनवाडीचा परिसर ही गवताळ माळराने आहेत, चिंकारा आणि लांडग्यांची. ती उजाड दिसतात म्हणून तेथे खड्डे घेऊ नयेत. बांध, रस्त्याच्या कडा, शाळांची आणि गावठाणांची आवारे यांतच पुरेशी जागा आहे.

ज्या शाळांना हे तपासून पाहायचे असेल त्यांनी एकाच जातीची नव्वद रोपे घ्यावीत. तीस रोपांना नुसते शेणखताचे मिश्रण, तीस रोपांना त्यावर वाढत्या मात्रांचे द्रावण, आणि उरलेल्या तीस रोपांना तेवढेच नत्र पहिल्या महिन्यात एकदम. पाणी सगळ्यांना सारखे. जूनमध्ये उंची, जाडी आणि पिशवीतून ठिबकणाऱ्या पाण्यातले क्षार मोजावेत, मग तिन्ही गट मिसळून, चिठ्ठ्या टाकून ओळींत लावावेत आणि पुढच्या जूनमध्ये जगलेली रोपे मोजावीत. प्रत्येक रोपाशी गटाचा रंग दिलेला दगड पुरून ठेवावा, कारण मे महिन्यात पाने झडलेले रोप आणि वाळलेली काडी लांबून सारखीच दिसतात. नखाने साल खरवडून खाली हिरवे आहे का ते पाहूनच नोंद करावी.